गोदीतला वेल्डर, हातातला बँजो : बिली कॉनोली यांच्या विनोदाची पार्श्वभूमी

ब्रिटनमधल्या स्टँडअप कॉमेडीची गोष्ट सांगायला बहुतेक जण १९७९ च्या मे महिन्यापासून सुरुवात करतात. लंडनच्या सोहो भागात एका स्ट्रिप क्लबच्या वरच्या मजल्यावर ‘कॉमेडी स्टोअर’ सुरू झालं, अलेक्सी सेलसारखी तरुण मंडळी तिथे माइकसमोर उभी राहिली आणि विनोदाचा सूर बदलला. हे खरं आहे, पण अपुरं आहे. त्याच्या चार वर्षं आधीच लांब केसांचा, दाढीवाला एक ग्लासगोकर बीबीसीवर येऊन बसला होता आणि घराघरांतली माणसं हसून लोळत होती. बिली कॉनोली. वय ऐंशीच्या पुढे गेलं तरी स्कॉटलंड त्यांना अजून ‘बिग यिन’, म्हणजे ‘थोरला’, याच नावाने ओळखतं. त्यांच्या विनोदाचं मूळ लंडनच्या क्लबात नाही. ते क्लाइड नदीकाठच्या गोदीत आणि लोकगीतांच्या बैठकीत आहे. ते नीट समजलं नाही तर त्यांची लांबत जाणारी, फाटे फुटणारी गोष्ट सांगण्याची पद्धत कुठून आली हेही कळत नाही.

ग्लासगो आणि क्लाइड ही जोडी आधी पाहायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या नव्या जहाजांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा या एका नदीवर तयार होत होता. नदीच्या दक्षिण काठावर लिंटहाउस इथे अलेक्झांडर स्टीफन अँड सन्स ही जुनी गोदी होती. लंडन-मुंबई मार्गावर धावलेलं पी अँड ओ कंपनीचं ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ हे जहाज १९२९ साली याच गोदीतून बाहेर पडलं. त्या काळी बोटीने विलायतेला गेलेल्या कित्येकांनी ज्या डेकवर उभं राहून मुंबईचा किनारा मागे पडताना पाहिला, तो डेक लिंटहाउसच्या कामगारांनी जोडलेला होता. त्यानंतर तीस वर्षांनी त्याच गोदीत एक पोरगा वेल्डिंग शिकायला आला.

त्याचा जन्म २४ नोव्हेंबर १९४२ चा, ग्लासगोच्या अँडर्स्टन वस्तीतला. डोव्हर स्ट्रीटवरच्या दगडी, दाटीवाटीच्या इमारतीत, आपल्याकडच्या चाळीसारख्या बिऱ्हाडात, स्वयंपाकघराच्या जमिनीवरच तो जन्मला. वडील हवाई दलात, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर. आई अगदी तरुण. मुलगा चारेक वर्षांचा असताना ती घर सोडून गेली. बिली आणि त्याची थोरली बहीण दोन आत्यांच्या हाती आले. त्यातल्या एकीने या मुलाला सतत मारलं, हिणवलं, तो नालायक आहे हे त्याच्या मनावर कोरलं. पुढे वडील परतले आणि घरात त्याहूनही वाईट घडलं. वडिलांनी केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल कॉनोली कित्येक वर्षं गप्प राहिले. पत्नी पामेला स्टीफन्सन यांनी लिहिलेल्या २००१ च्या चरित्रात ते पहिल्यांदा जगासमोर आलं.

त्याच बालपणातला शाळेच्या पटांगणातला एक प्रसंग कॉनोलींनी अनेकदा सांगितला आहे. लहानगा बिली खेळताना घसरून पाण्याच्या डबक्यात बसला. भोवतीची पोरं खदखदून हसली. उठून कपडे झटकायचे सोडून तो डबक्यातच बसून राहिला, कारण ते हसणं त्याला आवडलं होतं. ज्या पोराला घरी फक्त हिडीसफिडीस मिळत होती, त्याला ओल्या चड्डीत बसून का होईना, पहिल्यांदा कुणीतरी आनंदाने पाहत होतं.

शाळा सुटल्यावर स्टीफनच्या गोदीत वेल्डर म्हणून उमेदवारी सुरू झाली. ती पाच वर्षांची. थंडीत गारठलेल्या लोखंडावर वाकून काम, डोळ्यांपुढे काच, कानांत रिव्हेट ठोकल्याचा आणि पत्रे आदळल्याचा आवाज. अशा ठिकाणी चहाच्या सुट्टीत माणसं जेव्हा एकत्र बसतात तेव्हा ती बोलतात, आणि तिथली माणसं जबरदस्त बोलत. प्रत्येकाला टोपणनाव. प्रत्येक घडलेल्या गोष्टीला मीठमसाला. कुणी चूक केली की तिचा किस्सा आठवडाभर फिरणार आणि फिरता फिरता मोठा होणार. या बोलण्याला ग्लासगोत ‘पॅटर’ म्हणतात. ज्याला पॅटर जमते त्याला गोदीत मान असतो, आणि तो मान पगारावर अवलंबून नसतो. आपण पाहिलेली सगळ्यात विनोदी माणसं गोदीतच होती, हे कॉनोली आयुष्यभर सांगत आले. त्यांच्या आधीचे स्कॉटलंडचे मोठे विनोदवीर चिक मरे, ज्यांना ते गुरुस्थानी मानत, तेही ग्रीनॉकचे आणि जहाजांच्या इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केलेले. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

गोदी सोडण्याची गोष्टही त्यांनी सांगितलेली आहे. एका वयस्कर सहकाऱ्याने त्यांना बाजूला घेऊन बजावलं की जायचं असेल तर आत्ताच जा, नाहीतर माझ्या वयाचा होशील आणि तेव्हाच का गेलो नाही म्हणून झुरत बसशील. कॉनोली गेले. हातात बँजो होता.

साठच्या दशकात स्कॉटलंडभर लोकगीतांचे क्लब फुलले होते. दारूच्या गुत्त्यामागची खोली, पाचपन्नास श्रोते, माइक बहुधा नाहीच. स्टॉकवेल स्ट्रीटवरचा ‘स्कोशिया बार’ हा या मंडळींचा अड्डा. १९६५ मध्ये कॉनोलींनी गिटारवादक टॅम हार्वे यांच्याबरोबर ‘हम्बलबम्स’ ही जोडी उभी केली आणि १९६९ मध्ये जेरी रॅफर्टी त्यांना येऊन मिळाले. हेच रॅफर्टी पुढे ‘बेकर स्ट्रीट’ या गाण्यामुळे जगभर पोहोचले.

आता बँजो हे वाद्य असं की ते सारखं सुरात लावावं लागतं. तारा पिळेपर्यंत श्रोत्यांना गप्प कसं बसवणार? कॉनोली बोलू लागले. हे गाणं कुठून आलं, काल बसमध्ये कोण भेटलं, गोदीतला अमुक काय म्हणाला. लोक हसत, मग तार लागली तरी बोलणं थांबेना. दोन मिनिटांची प्रस्तावना दहा मिनिटांची झाली आणि गाणं शेवटी जेमतेम उरलं. रॅफर्टींना गाणी करायची होती, कॉनोलींकडून लोकांना गप्पा हव्या होत्या. १९७१ मध्ये दोघे वेगळे झाले. माझ्या मते ब्रिटिश स्टँडअपच्या इतिहासातला खरा सांधा इथे आहे. बर्मिंगहॅमचे जॅस्पर कॅरट, लँकेशायरचे माइक हार्डिंग, वेल्सचे मॅक्स बॉइस हेही याच सुमारास याच वाटेने, गिटार गळ्यात अडकवून विनोदाकडे आले. ही वेगळी परंपरा होती आणि तिला तेव्हा नाव नव्हतं.

ती वेगळी का, हे कळायला त्या वेळचा रुळलेला विनोद आठवावा लागतो. उत्तर इंग्लंडमधल्या कामगार क्लबांत सूट आणि बो टाय घातलेले कलाकार एकामागून एक चुटके सांगत. १९७१ पासून टीव्हीवर ‘द कॉमेडियन्स’ या कार्यक्रमाने त्यांना देशभर नेलं. सासू, आयरिश माणूस, नुकता येऊन राहिलेला भारतीय किंवा पाकिस्तानी शेजारी ही त्यांची ठरलेली गिऱ्हाइकं. चुटका कुणाच्याच मालकीचा नसे, आज एकाने सांगितलेला उद्या दुसरा सांगे. कॉनोलींच्या गोष्टी मात्र दुसऱ्या कुणाला सांगताच आल्या नसत्या. त्या त्यांच्या गल्लीच्या होत्या, त्यांच्याच ग्लासगो हेलात, शिव्यांसकट. एक गोष्ट सांगता सांगता दुसरीत शिरायचं, तिच्यातून तिसरीत, आणि वीस मिनिटांनी, लोक विसरले असताना, पहिलीचा शेवट करायचा. लिहिलेली संहिता नसे. स्टेजवर पाण्याचा पेला आणि कागदावर दोनचार शब्द, एवढीच शिदोरी.

इकडे गोदी बुडत होती. लिंटहाउसचा कारखाना १९६८ मध्ये इतर कंपन्यांबरोबर अप्पर क्लाइड शिपबिल्डर्समध्ये विलीन झाला आणि तिथली जहाजबांधणी थांबली. १९७१ च्या उन्हाळ्यात ती मोठी कंपनीही कोसळली. तेव्हा जिमी रीड आणि जिमी एअर्ली या कामगार नेत्यांनी संप न करता गोदीचा ताबा घेऊन काम चालू ठेवण्याचा निर्णय केला. गुंडगिरी नाही, नासधूस नाही, दारू नाही, कारण जग आपल्याकडे पाहत आहे, ही रीड यांची ताकीद आजही ग्लासगोत लोकांना पाठ आहे. पुढच्या वर्षी सरकार नमलं आणि पैसे द्यावे लागले. त्याच १९७२ मध्ये, याच लढ्यावर बेतलेलं ‘द ग्रेट नॉर्दर्न वेली बूट शो’ हे नाटक एडिनबरो महोत्सवात आलं. कवी टॉम ब्यूकन आणि कॉनोली यांनी ते रचलं आणि जॉन बर्न यांनी नेपथ्य केलं. जहाजांच्या जागी गमबूट बनवणारा कारखाना घेतला होता. त्यातलं गमबुटांचं गाणं कित्येक वर्षं कॉनोलींची ओळख होतं. पुढे २०१० मध्ये गोव्हनच्या जुन्या चर्चमध्ये रीड यांना अखेरचा निरोप देताना कॉनोली बोलले, ते याच नात्याने.

मग आलं ‘शेवटचं भोजन’. १९७४ च्या ‘सोलो कॉन्सर्ट’ या ध्वनिमुद्रिकेत ही गोष्ट आहे. कल्पना अशी की येशूचं शेवटचं भोजन गॅलिलीत झालंच नाही, ती छपाईची चूक. ते झालं ग्लासगोच्या गॅलोगेटमध्ये, सॅरासेन्स हेड या गुत्त्यात. शिष्य दारू पीत बसलेत, आणि दार उघडून ‘थोरला’ आत येतो, दिवसभर चमत्कार करून दमलेला. ज्या शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शाळा वेगळ्या, गल्ल्या वेगळ्या, फुटबॉलचे संघसुद्धा सेल्टिक आणि रेंजर्स असे वाटलेले, तिथे कॅथलिक घरातल्या माणसाने हे सांगणं म्हणजे आगीशी खेळ होता. कट्टर प्रोटेस्टंट धर्मोपदेशक पास्टर जॅक ग्लास आपले अनुयायी घेऊन त्यांच्या कार्यक्रमांबाहेर निदर्शनं करू लागले. पण ही गोष्ट ऐकताना ख्रिस्ताची टिंगल जाणवत नाही. श्रमाने थकलेला एक माणूस संध्याकाळी मित्रांमध्ये येऊन बसतो, एवढंच दिसतं. मला ही त्यांची सर्वांत सुंदर रचना वाटते.

१९७५ मध्ये मायकेल पार्किन्सन यांच्या गप्पांच्या कार्यक्रमात ते गेले. ग्लासगोतल्या एका टॅक्सीवाल्याने कॉनोलींची रेकॉर्ड ऐकाच म्हणून आपल्याला गळ घातली, असं पार्किन्सन सांगत. व्यवस्थापकाने नको म्हटलेला चुटका कॉनोलींनी त्या रात्री सांगितलाच : एकाने बायकोला मारून अंगणात पुरलं, पण पार्श्वभाग वर ठेवला, का तर सायकल उभी करायला जागा हवी. एका रात्रीत ते देशभर माहीत झाले. खरं सांगायचं तर ज्या चुटक्याने त्यांना हे यश दिलं तो त्यांच्या घडणीतला नव्हताच. तो बायकोवरचा, गुत्त्यातला, कुणीही सांगावा असा चुटका होता. लोकांना जिंकलं ते सांगण्याने, सांगता सांगता स्वतःच हसू न आवरणाऱ्या त्या चेहऱ्याने. त्याच वर्षी ‘डी-आय-व्ही-ओ-आर-सी-ई’ हे त्यांचं विडंबनगीत विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, आणि त्याच वर्षी पायात ते केळ्याच्या आकाराचे पिवळे बूट आले. ग्लासगोचे कलाकार एडमंड स्मिथ यांनी ते बनवले.  आता ते ग्लासगोच्या पीपल्स पॅलेस संग्रहालयाच्या मालकीचे आहेत. याच बुटांवरून नाव मिळालेल्या ‘बिग बनाना फीट’ या माहितीपटात १९७५ चा डब्लिन आणि बेलफास्टचा दौरा आहे. बॉम्बस्फोटांच्या त्या दिवसांत बेलफास्टला जायला फारसे कलाकार तयार नसत.

नंतरची वर्षं थोडक्यात. १९७६ मध्ये एल्टन जॉन यांच्या दौऱ्यात अमेरिकेतल्या श्रोत्यांनी त्यांना हुसकावून लावलं. दारू वाढली. १९८५ च्या शेवटी त्यांनी ती कायमची सोडली. १९८९ मध्ये पामेला यांच्याशी लग्न, मग अमेरिकेतल्या टीव्ही मालिका, देशोदेशीच्या सफरींचे कार्यक्रम, १९९७ मध्ये ‘मिसेस ब्राउन’ या चित्रपटात ज्युडी डेंच यांच्यासमोर केलेली गंभीर भूमिका. मोठं काम आहे, पण त्यात गोदीतला माणूस मला कमी दिसतो.

एक घटना मात्र टाळता येत नाही. २००४ मध्ये केन बिगली हे ब्रिटिश अभियंते इराकमध्ये ओलीस असताना कॉनोलींनी लंडनच्या कार्यक्रमात त्यांच्यावर विनोद केला. काही दिवसांतच बिगली यांची हत्या झाली. टीका प्रचंड झाली आणि ती योग्य होती. बंदुकीच्या धाकाखाली बसलेल्या माणसाला त्यात हसण्याचा विषय केलं गेलं, आणि हे त्यांच्या उरलेल्या सगळ्या कामाच्या विरुद्ध होतं.

२०१३ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग आणि पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, दोन्ही निदानं पाठोपाठ जाहीर झाली. कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. कंपवात पुरता बरा करणारं औषध नाही. तरी त्यांनी आणखी काही दौरे केले, आणि थरथरणाऱ्या डाव्या हाताबद्दल प्रेक्षकांशी मोकळेपणाने बोलले. २०१७ मध्ये ‘सर’ किताब मिळाला, आणि २०१८ मध्ये स्टेज थांबलं.

पंचाहत्तरीला ग्लासगोने त्यांची तीन भव्य भित्तिचित्रं रंगवली. त्यांपैकी एक जॉन बर्न यांच्या चित्रावरून, म्हणजे गमबुटांच्या नाटकाचं नेपथ्य करणाऱ्या त्याच मित्राचं. दुसरं जॅक व्हेट्रियानो यांचं. तिसरं, रेचल मॅक्लीन यांचं, गॅलोगेटमध्ये आहे.