शिंगांचा बाक आईचा, रंग पाडव्याचा

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटतात. अंग तुळतुळीत भादरलेलं, पाठीवर नक्षी, गळ्यात कवड्यांच्या माळा, शिंगांना झगझगीत रंग आणि टोकाला मोरपिसं. मालक मोटारसायकल फुर्र करत पुढं निघतो आणि म्हस त्याच्या मागं अशी सुटते की बघणाऱ्यांनी पटकन बाजूला व्हावं.

आता समजा, यातल्याच एका म्हशीला पुढच्या महिन्यात रेडकू झालं. त्याची शिंगं आईसारखी होतील का?

काहीजण म्हणतील ‘होणार’, काही म्हणतील ‘छे, रंगीत शिंगांचं रेडकू कुठं असतंय व्हय?’ दोघांचंही बरोबर आहे. पहिला गट शिंगांच्या आकाराबद्दल बोलतोय, दुसरा रंगाबद्दल. पंढरपुरी म्हशीची शिंगं लांबच लांब, पार खांद्यापर्यंत मागं गेलेली असतात. मुऱ्हा म्हशीची आखूड आणि कानामागं घट्ट वळलेली. आई पंढरपुरी आणि बापही पंढरपुरी असला, तर रेडकाची शिंगं मोठेपणी तशीच लांब होणार. रंग मात्र डब्यातला. तो दरवर्षी नव्यानं लावायचा.

शिंगांचा आकार उपजत, म्हणजे जन्माबरोबर आलेला. रंग वरून लावलेला. म्हशीच्या कानातला पिवळा बिल्लासुद्धा वरूनच आलेला. बारा आकडी नंबर घेऊन कुठलंही रेडकू जन्माला येत नाही. इथवर कुणी फसत नाही. फसगत पुढं होते, कारण काही गोष्टी वरून लावलेल्या दिसत नाहीत. त्या थेट अंगाचाच भाग होऊन बसतात.

पैलवानाचे कान बघितलेत? गंगावेशीत किंवा मोतीबाग तालमीत वर्षानुवर्षं घुमलेल्या पैलवानाचा कान तुमच्या-आमच्यासारखा पातळ नसतो. जाड, चेपलेला, गाठ झाल्यासारखा असतो. कुस्तीत डोकं डोक्याला घासतं, कान चुरगळतो. मग कातडी आणि आतली कूर्चा (कानाला आकार देणारा लवचीक भाग) यांच्यामध्ये रक्त साठतं. ते वेळेवर काढलं नाही तर तिथंच घट्ट होऊन बसतं आणि कान कायमचा तसाच राहतो. तालमीत याचा अभिमानही असतो. असा कान दिसला की समोरचा ओळखतो, गडी मातीतला आहे.

पण त्याच पैलवानाला मुलगी झाली की तिचे कान कसे असतात? मऊ, पातळ, नीट घडी असलेले. आजोबा पैलवान, पणजोबा पैलवान, तरीही.

असं का होतं, ते सांगतो. बाळ आईबाबांच्या अख्ख्या शरीराची नक्कल करून बनत नाही. आईची एक इवलीशी पेशी आणि बाबांची एक त्याहून इवलीशी पेशी एकत्र येतात, त्यातून बाळाची सुरुवात होते. कान कसा घडवायचा, डोळे काळे की घारे, केस सरळ की कुरळे, याच्या सूचना त्या दोन पेशींमध्ये असतात. या सूचनांना जनुकं म्हणतात. आखाड्यात चुरगळला तो कान. आतल्या पेशींमधल्या सूचनांना त्याचा पत्ताही नसतो.

मोठमोठ्या माणसांनाही हे सहज पटलं नव्हतं. शेवटी ऑगस्ट वाइजमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८० च्या दशकात पांढरे उंदीर घेतले आणि त्यांच्या शेपट्या कापल्या. त्यांना झालेल्या पिल्लांच्याही कापल्या. असं पाच पिढ्या केलं. नऊशेहून जास्त पिल्लं जन्मली आणि प्रत्येकाला शेपटी होती. (प्रयोग तुम्ही करायचा नाही. उंदरांनी आपल्यासाठी तेवढं सोसलंय, ते पुरे.)

मग पैलवानाकडून मुलांना काहीच येत नाही? येतं की. उंची, हाडापेराची ठेवण, खांद्यांची रुंदी यांतलं बरंच काही येतं. पण दंड-मांड्या येतात त्या जोर-बैठकांनी आणि दूध-बदामाच्या खुराकानं. म्हणून तर आपण ‘कमावलेलं शरीर’ म्हणतो. आणि ढाक, कलाजंग, घिस्सा हे डाव कुणाच्याच जनुकांत नसतात. वस्तादाचा पोरगा असला तरी त्याला लंगोट बांधून पहिल्या डावापासूनच सुरुवात करावी लागते. ‘पैलवानाचं पोर, मग त्याला शिकवायला काय लागतंय?’ असं कुणी म्हणालं की मला त्या पोराचीच दया येते.

आता खरी गोम. जन्माच्या वेळी नव्हतं आणि नंतर आलं, म्हणजे ते कमावलेलंच, असं वाटतं ना? तसं नाही. शिंगांचंच बघा. नुकत्या जन्मलेल्या रेडकाला शिंगं कुठं असतात? हात लावला तर जेमतेम जागा कळते. शिंगं वाढतात सावकाश, पण ती कुणी शिकवत नाही की लावत नाही. सूचना आधीच आत असते, तिची वेळ यायची असते.

पोपटाचंही तसंच. नराच्या गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ पिल्लाला नसतो. तो यायला दीड ते तीन वर्षं लागतात. बेडकाचं पिल्लू तर बेडकासारखं दिसतच नाही; शेपटी हलवत पाण्यात फिरतं, कल्ल्यांनी श्वास घेतं, माशाचं पोर वाटावं. कढीपत्त्यावरची अळी बघून तिची आई फुलपाखरू आहे हे कोण सांगेल? तरी बेडकाच्या पिल्लाचा बेडूकच होतो आणि अळीचं तिच्या आईच्या जातीचंच फुलपाखरू. उशिरा आलं, पण उपजतच. पिंजऱ्यातला पोपट ‘विठू विठू’ म्हणतो ते मात्र माणसाकडून ऐकून. त्याच्या पिल्लाला ते येणार नाही. कंठ येईल. (पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, हे घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.)

मग ओळखायचं कसं? पिल्लू आईपासून लांब, दुसऱ्याच घरी वाढलं तर काय होईल, हा प्रश्न विचारायचा. निसर्गानं हा प्रयोग आपल्यासाठी करूनच ठेवलाय. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. कावळीण त्या पिल्लाला आपलं समजून भरवते, मोठं करते. पण नर मोठा झाला की आंब्यावर बसून ‘कुहू’च करतो. खेड्यात बदकाची अंडी कोंबडीखाली उबवायला ठेवतात. पिल्लं पाण्यात सूर मारतात आणि कोंबडी काठावर नुसती कलकलाट करते. तिनं पोहायला शिकवलेलं नसतं, शिकवणारही नाही.

झाडांनाही हे लागू आहे का? कोल्हापुरात राहून उसाशिवाय दुसरं उदाहरण कशाला शोधायचं! को ८६०३२ ही उसाची जात आपल्याकडं शेतोशेती दिसते. तिला नंबर आहे तसे आईबापही आहेत, को ६२१९८ आणि कोसी ६७१. उसाला तुरा येतो, त्यातल्या बारीक बियांपासून अशा नव्या जाती तयार करतात. पण शेतकरी बी पेरत नाही, कांडी लावतो. कांडीवरच्या डोळ्यातून फुटणारा ऊस हा त्याच जुन्या उसाचा पुढचा भाग असतो, म्हणून तो जातीला तंतोतंत धरून असतो.

तरीही नदीकाठच्या काळ्या रानातला ऊस उंच जातो आणि मुरमाड माळावर, पाणी तुटलेला, तोच ऊस खुजा राहतो. आता त्या खुज्या उसाची कांडी नदीकाठी लावली तर? उगवण थोडी कमी होईल, कारण कमजोर बेणं कुणी लावू नये. पण जो कोंब वर येईल, त्याला पाणी-खत मिळालं की तो उंच होईल. खुजेपणा माळाचा होता, जातीचा नव्हता.

आणि काही गोष्टींत दोन्ही इतकं मिसळलेलं असतं की गवळीसुद्धा पटकन सांगू शकत नाही. म्हशीचं दूध घ्या. रेडी विकत घेताना गवळी विचारतो, ‘हिची आई किती देत होती?’ जाणता असेल तर पुढं हेही विचारतो, ‘रेडा कुठला? त्याच्या आईला दूध किती होतं?’ रेडा स्वतः थेंबभर दूध देत नाही, तरी दुधाच्या सूचना त्याच्याकडूनही लेकीत येतात. हे सगळं तपासून आणलेली रेडी व्याली आणि चरवी अर्धीच भरली, तर गवळी लगेच तिच्या आईला बोल लावत नाही. आधी गव्हाणीत हात घालून बघतो, वैरण काय पडली आहे ते.