ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिस: दोन्ही फुकट, पण एक नाहीत

अमळनेरला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. केळीच्या गाड्या जोरात सुरू होत्या तेव्हा चोपड्याकडचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. व्यापाऱ्याने त्याला हिशोबाची एक्सेल फाईल पाठवली होती. गाडी नंबर, वजन, भाव, उचल असे रकाने. मुलाने आपले आकडे भरले, सेव्ह केलं आणि फाईल व्हॉट्सॲपवर परत धाडली. तिकडे व्यापाऱ्याच्या मोबाईलवर ती उघडेना.

"भाऊ, हाई काबरं उघडत नही?"

मी फाईलचं शेपूट पाहिलं. आली तेव्हा ती एक्सेलची एक्सएलएसएक्स होती, जाताना ओडीएस झाली होती, म्हणजे ओपनऑफिस-लिब्रेऑफिसचं स्वतःचं रूप. कशात काम केलं विचारलं, तर म्हणाला, "लिब्रेऑफिसमा." स्क्रीनवर मात्र ओपनऑफिस उघडं होतं. कोणीतरी त्याला "लिब्रे टाक, फुकट असतं" असं सांगितलं होतं. त्याने इंटरनेटवर शोधलं, त्याला ओपनऑफिस सापडलं, दोन्ही एकच समजून त्याने ते टाकलं.

ही गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे की त्या मुलाला दोष द्यावासा वाटत नाही. दोन्हींत वर्डसारखं रायटर आहे, एक्सेलसारखं कॅल्क आहे, पॉवरपॉइंटसारखं इम्प्रेस आहे. मेनूही बरेचसे तेच. कारण दोन्ही एकाच घरातले आहेत. जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीचं स्टारऑफिस 1999 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि 2000 साली त्याचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्यातून बनतं तो मूळ मजकूर, सगळ्यांना खुला केला. तेच ओपनऑफिस. 2010 च्या सुरुवातीला सन कंपनीच ओरॅकलकडे गेली. आता या प्रकल्पाचं काय होणार, ही धास्ती तिथे काम करणाऱ्यांना वाटू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था काढली आणि तोच कोड घेऊन लिब्रेऑफिस सुरू केलं. ओपनऑफिस हे नाव ओरॅकलकडे राहिलं. ओरॅकलने 2011 मध्ये ते अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनला देऊन टाकलं.

म्हणजे वाटणी झाली तेव्हा नाव एकाकडे गेलं आणि राबणारे हात दुसऱ्याकडे. पुढचं सगळं यातून घडलं. ओपनऑफिसची 4.1 ही आवृत्ती 2014 ची. त्यानंतर जे आलं ते 4.1 च्याच पुढे एकेक आकडा वाढवत आलेल्या दुरुस्त्या. लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा निघते. 2024 पासून तर आवृत्तीच्या नावातच साल आणि महिना असतो: 24.2 म्हणजे 2024 चा फेब्रुवारी. आपलं किती जुनं झालं, हे आकडा बघूनच कळतं.

परवान्याचाही एक पेच आहे. अपाचेच्या परवान्याखालचा कोड लिब्रेऑफिसवाले आपल्यात घेऊ शकतात. लिब्रेऑफिसमध्ये झालेलं नवं काम मात्र ओपनऑफिसला त्याच्या परवान्यात बसवून घेता येत नाही. त्यामुळे दोघांतलं अंतर वाढतच गेलं.

त्या मुलाची अडचण या अंतरातूनच आली. ओपनऑफिस वर्डची डॉकएक्स आणि एक्सेलची एक्सएलएसएक्स फाईल उघडतं, पण त्याच रूपात सेव्ह करू शकत नाही. सेव्ह दाबलं की दुसरं रूप निवडायला सांगतं. समोर ओडीएस आलेलं असतं, घाईत माणूस ओके करतो. फार तर जुनी एक्सएलएस मिळते. लिब्रेऑफिस एक्सएलएसएक्स उघडतं आणि एक्सएलएसएक्समध्येच सेव्ह करतं. "मूळ फॉरमॅटमध्येच ठेवायचं ना?" एवढं विचारतं, हो म्हटलं की झालं. ज्याची कागदपत्रं फक्त स्वतःपुरती आहेत त्याला याने फरक पडत नाही. पण आपल्याकडे कॉलेजचा प्रोजेक्ट, बायोडाटा, पतसंस्थेची यादी, व्यापाऱ्याचा हिशोब, सगळं या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत असतं. माझ्यासाठी निवड इथेच संपते.

मोठ्या तक्त्यांचंही सांगतो. ओपनऑफिसच्या कॅल्कमध्ये रकाने 1024 आणि संपले. लिब्रेऑफिसने 2022 च्या 7.4 आवृत्तीपासून ते 16,384 पर्यंत नेले, एक्सेलइतकेच. ओळी दोन्हींकडे दहा लाखांच्या वर आहेत. घरच्या हिशोबाला हे लागत नाही, कोणाची मोठी एक्सेल शीट आली तर लागतं.

सुरक्षेबद्दल मात्र मी आग्रही आहे. बाहेरून आलेली फाईल उघडणं हे या सॉफ्टवेअरचं रोजचं काम, आणि घातक कोड शिरतो तो अशाच फाईलींतून. सापडलेली भोकं बुजवायला माणसं लागतात. ती पुरेशी नाहीत म्हणून ओपनऑफिस बंदच करावं का, अशी चर्चा 2016 मध्ये खुद्द अपाचेच्या आत झाली होती. प्रकल्प बंद झाला नाही, दुरुस्त्या अधूनमधून येत राहिल्या. पण 2020 मध्ये ओपनऑफिसला 20 वर्षं झाली तेव्हा लिब्रेऑफिसवाल्यांनी अपाचेला जाहीर पत्र लिहिलं: तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना निदान सांगा, की याचंच पुढे वाढलेलं रूप दुसरीकडे आहे. मला ते पत्र रास्त वाटतं. ओपनऑफिस हे नाव जुनं आणि ओळखीचं, म्हणून लोक आजही तेच शोधतात.

मराठी टायपिंगसाठी लोक या दोन्हींना विनाकारण नावं ठेवतात. देवनागरी अक्षराचा आकार बदलला आणि इंग्रजी आकडा तसाच राहिला, अशी तक्रार नेहमी येते. दोन्हींत इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा धरलेला असतो. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या सेटिंगला जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा आणि तिथे मराठी निवडा. मग स्टाईलमध्ये दोघांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे ठरवता येतात. हे एकदा नीट बसवलं की डोकेदुखी संपते. जोडाक्षरांच्या बाबतीत लिब्रेऑफिस 2017 च्या 5.3 पासून विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर एकच यंत्रणा वापरतं, म्हणून अक्षरांची मांडणी सगळीकडे सारखी राहते. मेनूसुद्धा मराठीत घेता येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर मात्र दोन्हींत अगम्यच दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

ओपनऑफिस कुठे चालेल, हेही सांगायला हवं. गावातल्या शाळेत विंडोज 7 चा जुना संगणक आहे, त्याला इंटरनेट नाही, त्यावर फक्त पत्रं टाईप करून प्रिंट काढायची आहेत, तर चालेल. लिब्रेऑफिसच्या 25.8 पासूनच्या आवृत्त्या विंडोज 7 आणि 8 वर चालत नाहीत. तरी मी अशा यंत्रावर लिनक्स टाकण्याचा सल्ला देतो. मिंटसारख्या लिनक्ससोबत लिब्रेऑफिस तयारच येतं. एक मर्यादा दोन्हींना लागू आहे: मॅक्रो (फाईलमध्येच भरलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या सरकारी एक्सेल युटिलिटीसाठी खरं एक्सेलच लागतं. तिथे या दोन्हींवर वेळ घालवू नका.

बदल करायला भीती नको. रायटरच्या ओडीटी, कॅल्कच्या ओडीएस या जुन्या फाईली लिब्रेऑफिसमध्ये जशाच्या तशा उघडतात, कारण मूळ रूप दोघांचं एकच. विंडोजची फाईल साडेतीनशे एमबीच्या आसपास आहे, तेव्हा मोबाईलचा डेटा बघून डाउनलोड करा. घ्यायची ती फक्त लिब्रेऑफिस डॉट ऑर्गवरून. तिथे देणगी मागतात, पण द्यायलाच हवी असं नाही. सारख्या नावाच्या दुसऱ्या साईटवरून घेतलं तर सोबत काय येईल याची खात्री नाही. टाकून झालं की ऑप्शन्समधल्या लोड-सेव्ह भागात आपोआप जपून ठेवण्याची वेळ पाच मिनिटांवर आणा आणि बॅकअप प्रत चालू करा. मे महिन्यात इकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. अशा वेळी डेस्कटॉपवर काम करणाऱ्याचं बरंचसं काम वाचतं.

त्या मुलाच्या लॅपटॉपवर मी लिब्रेऑफिस टाकलं, ओडीएस उघडली, सेव्ह ॲज करून एक्सएलएसएक्स निवडलं. त्याने दुकानातूनच ती पाठवली. पाच मिनिटांत व्यापाऱ्याचा फोन आला: एका गाडीचं वजन चुकलंय. म्हणजे फाईल उघडली होती.