ऑन्टॅरिओमधल्या सरकारी आणि खासगी हायस्कूल

ऑन्टॅरिओ हा कॅनडातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा प्रांत, आणि तिथे नववी ते बारावीच्या शाळेला सेकंडरी स्कूल किंवा हायस्कूल म्हणतात. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' अशी पाटी दिसली की भरमसाठ फी डोळ्यासमोर येते, तिथे अगदी उलटं, पब्लिक म्हणजे सरकारी आणि फुकट. बऱ्याच जुन्या शाळांच्या नावात 'कॉलेजिएट इन्स्टिट्यूट' असतं, ते वाचून कॉलेज समजू नका, हायस्कूलच आहे ते.

गंमत अशी की सरकारी शाळांचे एक नाही चार प्रकार आहेत: इंग्लिश पब्लिक, इंग्लिश कॅथलिक, फ्रेंच पब्लिक, फ्रेंच कॅथलिक, आणि या शाळा चालवणारी मिळून 72 बोर्डं. कॅथलिक शाळांना सरकारी पैसे का, तर 1867 ला कॅनडा झाला तेव्हा घटनेच्या कलम 93 मध्ये तिथल्या अल्पसंख्याक कॅथलिकांना हे संरक्षण दिलं होतं. पण हायस्कूलच्या वरच्या वर्गांना पूर्ण अनुदान मिळायला 1980 चं दशक उजाडलं, 1984 ला प्रीमियर म्हणजे प्रांताचा मुख्यमंत्री बिल डेव्हिसने घोषणा केली आणि 1987 ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. मग ज्यू आणि बाकी धर्मांचे पालक म्हणाले आम्हालाही द्या, तर 1996 ला कोर्टाने नाही म्हटलं, आणि 1999 ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने हा भेदभाव आहे असं सांगूनही काही बदललं नाही. 2007 च्या निवडणुकीत विरोधी पक्षनेता जॉन टोरीने सगळ्याच धर्मांच्या शाळांना पैसे देऊ म्हणून बघितलं, तो मुद्दा त्याच्या चांगलाच अंगाशी आला. मला विचाराल तर सगळ्यांना द्या नाहीतर कोणालाच नको, पण घटनेचा गुंता आहे तो. कॅथलिक हायस्कूलमध्ये इतर धर्माची मुलंही जाऊ शकतात आणि जातात, युनिफॉर्म मात्र बहुतेक ठिकाणी घालावा लागतो.

खासगी शाळांना प्रांताकडून दमडीही मिळत नाही, सगळं फीवर. टोरॉन्टोचं मुलांचं अप्पर कॅनडा कॉलेज 1829 चं आहे, म्हणजे कॅनडा देशापेक्षा जुनं, आणि मुलींचं बिशप स्ट्रॅकन 1867 चं. पण खासगी म्हणजे फक्त अशा बड्या शाळा नव्हेत, किमान पाच मुलं असली की सरकारला दरवर्षी कळवून शाळा चालवता येते, फक्त डिप्लोमाची (म्हणजे हायस्कूल पास झाल्याच्या सर्टिफिकेटची) क्रेडिट्स, म्हणजे एकेक विषय पास झाल्यावर जमा होणारे गुण, द्यायची असतील तर इन्स्पेक्शन होतं.

डिप्लोमा दोन्हीकडे सारखाच. 30 क्रेडिट्स, एक क्रेडिट साधारण 110 तासांचं, शिवाय 40 तास समाजसेवा आणि एक साक्षरता परीक्षा. आपल्यासारखी बारावीची एकच बोर्डाची परीक्षा नाही, मार्क वर्गातले शिक्षकच देतात, पूर्वी तेरावीसुद्धा होती ती 2003 ला संपली. युनिव्हर्सिटीवाले बारावीचे सहा विषय बघतात, त्यामुळे एखाद्या विषयात मार्क कमी पडले की काही मुलं तेवढाच विषय पैसे भरून एखाद्या छोट्या खासगी शाळेत करतात आणि तिथे अचानक नव्वदच्या पुढे मार्क येतात, अशा शाळांना लोक 'क्रेडिट मिल' म्हणजे क्रेडिटचा कारखाना म्हणतात.