डोंगरातल्या वृद्धांची तपासणी : सपाटीवरच्या मोजपट्ट्यांचा इतिहास

म्हातारपणी माणूस कितपत स्वावलंबी आहे हे मोजण्याची फार वापरली जाणारी एक सूची १९६३ सालची. क्लीव्हलंडमध्ये सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी ती मुख्यतः खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या निरीक्षणातून बसवली: आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे आणि पैशाचे व्यवहार अशा आठ कामांची दुसरी यादी दिली. दोन्ही याद्या शहरी, सपाट फरशीच्या. उत्तराखंडच्या डोंगराळ गढवाल-कुमाऊंमध्ये शौचालय घराच्या खालच्या टप्प्यावर असेल, तर 'स्वतः जाता का?' याला आलेले 'हो' फारसे काही सांगत नाही. पावसात जाता का, रात्री जाता का, पाणी कोण आणून ठेवते, हे विचारावेच लागते. उलट, बँकेचे काम कधीच न केलेल्या आजींना 'असमर्थ' ठरवणे हीही चूकच. 'जमत नाही' आणि 'कधी करावे लागले नाही' यांची नोंद वेगळी हवी.

स्मृतीच्या चाचणीत ही अडचण लवकर लक्षात आली. १९७५ची 'मिनी मेंटल स्टेट' (एमएमएसई) ही इंग्रजी चाचणी वाचता-लिहिता येते असे गृहीत धरते. हरियाणातील बल्लभगढच्या गावांसाठी १९९५ मध्ये तिचे हिंदी रूप आले, त्यात निरक्षरांना जमतील असे प्रश्न घातले. पाठोपाठ १९९९ मध्ये घरच्या माणसाला विचारायची प्रश्नावलीही तयार झाली: सणवार लक्षात राहतात का, गावात वाट चुकते का. पण बल्लभगढही मैदानातच. हिमाचलातील भरमौरच्या आदिवासी वृद्धांसाठी हिंदी चाचणी पुन्हा बदलावी लागली.

विसरभोळेपणा किंवा मरगळ दिसली की थायरॉइड तपासावे, आणि यालाही इतिहास आहे. डोंगरातल्या माती-पाण्यात आयोडीन कमी, आणि त्याच्या अभावी गलगंड होतो, थायरॉइड मंदावू शकते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून वैद्यकीय संशोधक व्ही. रामलिंगस्वामी यांच्या गटाने आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड कार्यक्रम सुरू झाला. आज सत्तरी ओलांडलेल्यांचा जन्म त्याच्या आधीचा, म्हणून त्यांच्यात ही शंका आधी घ्यावी.

आकड्यांचीही फसगत होते. उंचीवर ऑक्सिजन कमी, म्हणून शरीर हिमोग्लोबिन वाढवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या तक्त्याप्रमाणे २५०० मीटरवर मोजलेल्या आकड्यातून (दर डेसिलिटर रक्तामागे) १.३ ग्रॅम वजा करायचे. म्हणजे तिथल्या बाईचे १२.८ हे प्रत्यक्षात ११.५, आणि १२ च्या खाली असल्याने पंडुरोगच (ॲनिमिया). २०२४च्या नव्या तक्त्यात दुरुस्ती ५०० मीटरपासूनच लागते. १००० ते १४९९ मीटरच्या पट्ट्यात ती ०.८ आहे, तेव्हा महाबळेश्वरलाही हा हिशेब चुकवता येत नाही. बोट गार असेल तर ऑक्सिमीटर कमी दाखवतो. हात चोळून, ऊब देऊन मगच लावावा. चढ चढून आलेल्याचा रक्तदाब निदान पाच मिनिटे बसवून घ्यावा, मग उभे करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उतारावर तोल जाण्याचा धोका गृहीत धरावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या पुस्तिकेत वृद्धांच्या हालचालीची सोपी चाळणी आहे: हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठणे, १४ सेकंदांत. डोंगरातल्या पुष्कळ घरांत खुर्चीच नसते आणि अंगण उताराचे असते. खाटेवर किंवा पायरीवर घेतलेली वेळ तुलनेला निरुपयोगी. घडीची, पक्क्या बैठकीची एकच खुर्ची सगळीकडे न्यावी. वजनकाट्याखाली फळी हवी, मातीच्या जमिनीवर काटा खोटे बोलतो. पाठीला पोक असेल तर उंचीऐवजी गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे माप घेऊन उंची काढावी.

सगळ्यात अवघड उणीव मात्र माणसांची. २०११च्या जनगणनेत पौडी गढवाल आणि अल्मोडा या जिल्ह्यांची लोकसंख्या आधीपेक्षा घटलेली दिसली. घरच्या माणसाला विचारायच्या प्रश्नावलीला घरचे माणूसच उरत नाही. मग शेजारीण किंवा आशाताई माहिती देते, पण ती रात्रीचे काही पाहत नाही. म्हणून उत्तर कोणी दिले, ती व्यक्ती वृद्धाला आठवड्यातून किती वेळा भेटते, हे अर्जाच्या माथ्यावर लिहावे.