यानाची पाठ कोण पाहणार?

२० जानेवारी २०२४ रोजी जपानचं ‘स्लिम’ यान चंद्रावर उतरलं, तेही ठरलेल्या जागेपासून जेमतेम ५५ मीटरवर. नेम तर अचूक लागला, पण सौरपट्ट्यांमधून वीज येईना. यान वेडंवाकडं पडलं असावं, असा अंदाज अभियंत्यांनी आकड्यांवरून बांधला. पण खात्री कशी करायची? आपली पाठ आपल्याला दिसत नाही, यानाचंही तसंच.

ती पाहायला दोन चिमुकले रोबो होते. उतरण्याआधी, जमीन काही मीटरवर असतानाच यानानं त्यांना खाली सोडलं होतं. त्यांतला धाकटा ‘सोरा-क्यू’ म्हणजे ८ सेंटिमीटर व्यासाचा, पाव किलो वजनाचा चेंडू. एखाद्या मोठ्या मोसंबीएवढा. (आपला ‘प्रज्ञान’ २६ किलोंचा होता!) जपानच्या अंतराळ संस्थेनं तो घडवताना सोनी आणि दोशिशा विद्यापीठाबरोबर टोमी या खेळण्यांच्या कंपनीलाही हाताशी घेतलं. रूप बदलणारी खेळणी करण्यात तिचा हात बसलेला. खाली पडल्यावर हा चेंडू मधोमध उघडतो, दोन अर्धगोलांची चाकं होतात आणि मधून कॅमेरा डोकावतो. चाकांचा आस मुद्दामच मध्यभागी ठेवलेला नाही. त्यामुळे तो फेंगडा चालतो, पण भुसभुशीत मातीत रुतून बसत नाही.

त्याला पृथ्वीवरून कोणी हाकत नव्हतं. काढलेल्या फोटोंपैकी यान नीट दिसतंय असे त्यानंच निवडले आणि उड्या मारत फिरणाऱ्या थोरल्या भावामार्फत पृथ्वीवर पाठवले. यान नाक खुपसून उभं होतं! उतरताना दोनपैकी एका मुख्य इंजिनानं दगा दिला होता. सौरपट्ट्यांची तोंडं पश्चिमेला. सूर्य तिकडे कलल्यावर, २८ जानेवारीला यान पुन्हा जागं झालं.

लघुग्रहांवर तर चाकांचाही उपयोग नाही. गुरुत्व इतकं क्षीण, की चाक फिरवताच गाडी उधळेल. म्हणून २०१८ मध्ये र्‍युगूवर उतरलेल्या जपानी रोबोंच्या पोटात मोटर होती. ती फिरली की रोबो टुणकन उडायचा आणि सावकाश खाली यायचा. त्यांची थोरली बहीण ‘मिनर्व्हा’ मात्र दुर्दैवी. २००५ मध्ये इतोकावा लघुग्रहाजवळ तिला सोडलं, तेव्हा मूळ यान वर चाललं होतं. ती खाली पोचलीच नाही, अंतराळात भरकटली. जाता जाता तिनं एक फोटो मात्र पाठवला: मूळ यानाच्या सौरपट्टीचा.