खरारा, हृदयाचे ठोके आणि नको झालेला घोडा

सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की दरवर्षी एक बातमी हमखास येते: अमुक घोड्याची किंमत इतके कोटी. सोबत तुकतुकीत अंगाच्या उंच मारवाडी घोड्याचा फोटो आणि त्याच्या खुराकातल्या दूध, तूप, बदामाचं वर्णन. तापीकाठच्या त्या यात्रेत घोडे पारखणारी माणसं मात्र ओठ वर करून दात बघतात, पळवून चाल बघतात आणि मग अंगावरचे भोवरे बघतात. दातांवरून वय कळतं, चालीवरून पायाचं दुखणं कळतं. भोवऱ्यावरून मालकाचं नशीब कळतं, असं समजलं जातं. देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, असेल तर घराची भरभराट. नको त्या जागी भोवरा असेल तर चांगलं जातिवंत जनावर पडत्या भावात जातं, नाहीतर गिऱ्हाइकाविना उभं राहतं.

भोवरा म्हणजे कातडीतल्या केसांच्या मुळांचा कल. शिंगरू आईच्या पोटात असतानाच तो ठरतो. भोवऱ्याची दिशा आणि घोडा डावा की उजवा यांचा काही संबंध आहे का, हे काही संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. तो स्वतंत्र आणि रंजक विषय आहे. पण घोड्याच्या कपाळावरच्या केसांचा आणि मालकाच्या धंद्याचा संबंध जोडायला कसलाही आधार नाही. शनीच्या पीडेवर काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी विकणारे आणि भोवऱ्यावरून घोडा नाकारणारे एकाच समजुतीवर जगतात. फरक इतकाच की दुसऱ्या प्रकारात एका जिवंत प्राण्याचं आयुष्य पणाला लागतं.

याहून खोल रुजलेला एक समज आहे आणि तो दिसायला फार गोड आहे. घोडा एकनिष्ठ असतो, आयुष्यात एकाच धन्याला मानतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याची दुसरी बाजू अशी की, नव्या माणसाला पाठीवर न घेणारा घोडा नाठाळ ठरतो. आणि हात बदलत आलेला, वय झालेला घोडा आता कुणाचाच होणार नाही असं धरून त्याला वाऱ्यावर सोडणं सोपं जातं.

प्रयोग काय सांगतात? घोडा माणसं नक्की ओळखतो. फ्रान्समध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांनी सहा महिने न भेटलेल्या माणसालाही नुसत्या फोटोवरून ओळखलं. पण त्याच वर्षी स्वीडनमध्ये एक वेगळी चाचणी झाली. घोड्याला थोडा वेळ एकटं ठेवायचं, मग एकदा मालकाला आत पाठवायचं आणि एकदा अनोळखी माणसाला. कुत्रा अशा वेळी मालकाला बिलगतो. घोडे मात्र दोघांच्याही जवळ सारखेच गेले. आणखी एक प्रयोग २०१० सालचा, तोही फ्रान्समधला. काही तरुण घोड्यांना शिकवताना दर वेळी खाऊ दिला, काहींना खाऊ न देता शिकवलं. आठ महिन्यांनी पाहिलं, तर खाऊ मिळालेले घोडे शिकवणाऱ्या माणसाकडे जास्त ओढीने आले. विशेष म्हणजे ते कधीही न पाहिलेल्या माणसाकडेही तसेच आले.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. एका हाताने केलेलं बरं किंवा वाईट घोडा पुढच्या हाताच्या खात्यावर टाकतो. त्याची माया धन्याच्या नावावर नसते. माणसाचा हात म्हणजे काय, याचा अनुभव त्याच्या शरीरात मुरलेला असतो.

तो कसा मुरतो, हे समजायला खरारा करताना, म्हणजे ब्रशने अंग घासताना, घोड्याकडे नीट बघावं. मी ज्या घोडीवर रपेट शिकते, ती शर्यतीच्या मैदानातून निवृत्त झालेली आहे. तिच्या गळ्याजवळ थोपटलं की ती फक्त सहन करते. पण आयाळ संपते तिथे, खोगिराच्या पुढच्या टोकाशी जो उंचवटा असतो, त्यावर खरारा किंवा नुसती बोटं जोर देऊन फिरवली की मान हळूहळू खाली येते, डोळे अर्धे मिटतात आणि वरचा ओठ लांब होऊन थरथरत हवेत काहीतरी शोधायला लागतो. ती दुसरा घोडा शोधत असते. कळपात दोन घोडे एकमेकांकडे तोंड करून उभे राहतात आणि नेमकी हीच जागा दातांनी एकमेकांना खाजवून देतात. थोपटणं हा माणसाचा रिवाज आहे. घोडे एकमेकांना कधी थोपटत नाहीत.

दक्षिण फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर दोन संशोधकांनी १९९३ साली हे मोजून पाहिलं. माणसाने हाताने याच जागी खाजवलं तर मोठ्या घोड्यांच्या हृदयाचे ठोके सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास कमी झाले, शिंगरांमध्ये त्याहूनही जास्त. खांद्यावर, म्हणजे अगदी थोड्याच अंतरावर खाजवलं तर हा परिणाम दिसला नाही.

हे कशामुळे होत असावं? घोड्याचं हृदय चार किलोच्या आसपास असतं आणि निवांत उभ्या घोड्यात ते मिनिटाला तीस ते चाळीस वेळाच पडतं. भरधाव सुटला की दोनशेच्या वर. माणसाचा वेग तिपटीने वाढतो, घोड्याचा सहा-सात पटींनी. एवढी तफावत शक्य होते ती मेंदूतून निघून हृदयापर्यंत येणाऱ्या वेगस नावाच्या मज्जातंतूमुळे. हृदयाची स्वतःची गती याहून जास्त असते. वेगस तिला सतत मागे खेचून धरतो. तो हृदयाचा लगाम आहे. दचकल्यावर घोड्याचे ठोके जे एकदम शंभराच्या घरात जातात, त्यात सुरुवातीचा मोठा वाटा हा लगाम सैल पडण्याचा असतो. अॅड्रिनॅलिनचा जोर त्याच्या मागून येतो. लगाम किती घट्ट आहे याचा एक सुंदर पुरावा पशुवैद्यांना रोज ऐकू येतो. शांत उभ्या निरोगी घोड्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तर पुष्कळदा मधूनच एक ठोका गळतो. वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत जाता जाता वेगसच्या दाबाने अडतो. माणसात असं झालं तर डॉक्टर लगेच तपासण्या सांगतील. घोड्याला चार पावलं दुडकी चाल चालवली की गळलेला ठोका परत येतो, म्हणजे काळजीचं कारण नसतं.

आता मानेच्या बुडाशी परत येऊ. त्या भागात, छातीच्या तोंडाजवळ, स्वायत्त मज्जासंस्थेची एक मोठी गाठ आहे. हृदयाला वेग देणारे मज्जातंतू तिथूनच जातात. खाजवण्याचा परिणाम या गाठीमार्फत होत असावा, असा कामार्गच्या संशोधकांचा अंदाज होता. तो अंदाजच आहे, हे लक्षात ठेवायला हवं. मात्र ठोके उतरतात ही मोजलेली गोष्ट आहे. इंटरनेटवर याच्याही पुढे जाऊन ‘घोड्याला मिठी मारा, ऑक्सिटोसिन (जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं हार्मोन) वाढेल’ असं सर्रास सांगतात. फ्रान्समधल्याच २०१८ च्या एका अभ्यासात हळुवार खराऱ्यानंतर घोड्यांच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन वाढलेलं आढळलं नाही. चेहऱ्यावरचे भाव मात्र बदलले होते, ताणलेला वरचा ओठ त्यांतच होता. म्हणून हार्मोनच्या जाहिरातीपेक्षा ओठाकडे बघावं.

हा रस्ता उलट दिशेनेही चालतो. माशी बसली तर घोडा तेवढीच कातडी थरथरवतो, इतकी ती संवेदनशील असते, आणि स्वाराची पोटरी त्याच कातडीला टेकलेली असते. स्वीडनमध्ये २००९ साली एक साधा प्रयोग झाला. घोडा ठरलेल्या वाटेने न्यायचा. शेवटच्या फेरीत वाटेत छत्री उघडली जाईल असं फक्त माणसाला सांगायचं. छत्री उघडलीच नाही. माणसाचे ठोके वाढले ते अपेक्षितच होतं, पण घोड्याचेही वाढले. मांड्यांची घट्ट पकड, आखडलेला हात, अडकलेला श्वास, हे सगळं खोगिराच्या पट्ट्याखालून (तंगाखालून) आणि लगामातून त्याच्यापर्यंत गेलं असावं.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये मानसशास्त्राचा अभ्यासक ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की त्याला गणित येत नव्हतं. उत्तराचा आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि तेवढं हान्सला पुरायचं. पुस्तकांत ही गोष्ट फसवणुकीचा किस्सा म्हणून येते. मला वाटतं, माणूस वाचण्यात तो आपल्यापेक्षा कितीतरी हुशार होता. मालक १९०९ मध्ये वारला, हान्स दुसऱ्या हातात गेला, पुढे पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी नेला गेला आणि तिथून त्याची खात्रीची नोंद मिळत नाही. युरोपभर गाजलेला घोडाही असा नाहीसा झाला.

घोडा नको होण्याची सुरुवात बहुधा ‘नाठाळ झालाय’ या वाक्याने होते. खोगीर घालताना चावतो, मान उडवतो, शेपटी सारखी आपटतो, चढायला दिलं तरी पुढे जात नाही. ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन यांनी पाठीवर स्वार असतानाच्या अशा २४ लक्षणांची यादी २०१८ मध्ये मांडली. त्यांतली आठ किंवा जास्त दिसली तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता बरीच असते. लंगडणं इतकं बारीक असतं की स्वाराला ते जाणवतच नाही. माझा आग्रह आहे की घोड्याला वाईट वळण लागलंय म्हणण्याआधी पाठ, दात, टापा आणि खोगिराची बैठक पशुवैद्याकडून आणि चांगल्या नालबंदाकडून तपासून घ्यावी. दुखणारा घोडा चाबकाने शिस्तीत येतो असं दिसतं, तेव्हा त्याने फक्त तक्रार थांबवलेली असते. आणि मग तो तोच अनुभव पुढच्या मालकाच्या दारात घेऊन जातो.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. शर्यतीचा घोडा बहुतेक वेळा दहा वर्षांचा व्हायच्या आत मैदानाबाहेर होतो. मग रपेटीचा क्लास, वरात, गिरिस्थानावरची सवारी, आणि प्रत्येक पायरीवर खुराक उतरत जातो. चारशे किलोचं जनावर दिवसाला सहा ते दहा किलो सुका चारा खातं. त्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, पोट रिकामं राहिलं की जखमा होतात. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे सोडून दिलेला घोडा उकिरड्यावर जे खातो ते पुढेच सरकतं आणि पोटशूळ उठतो. म्हाताऱ्या घोड्याचं दुखणं दातांचं. दाढा वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजतात आणि तेवढ्याच हिरडीतून वर येतात, विशीच्या उत्तरार्धात हा साठा संपत येतो. तेव्हा त्याला भिजवलेली चंदी (दाण्याचा खुराक) आणि मऊ चारा लागतो, म्हणजे खर्च वाढतो आणि कमाई शून्य असते.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. काँक्रीटवर लोखंडी नालांनी धावणाऱ्या, अंधाऱ्या तबेल्यांत उभ्या राहणाऱ्या त्या घोड्यांसाठी निर्णय योग्यच होता. पण बंदी घोड्याचं काम संपवते, चारा देत नाही. अमेरिकेत २००७ मध्ये घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने बंद झाले. तिथल्या सरकारी लेखापरीक्षणानुसार २०१० मध्ये सुमारे १,३८,००० घोडे कत्तलीसाठी कॅनडा आणि मेक्सिकोत गेले, आधी देशात आणि बाहेर मिळून जायचे जवळजवळ तितकेच. फक्त प्रवास लांबला.

माथेरानला डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा आल्या. शाळेतल्या मुलांची आणि आजारी माणसांची सोय झाली याचा आनंदच आहे. पण तिथल्या घोडेवाल्यांचं पोट आणि घोड्यांचा चारा एकाच पिशवीतून येतो. घोड्याचा परवाना देताना पाठीवरच्या जखमा आणि नाल बघितले जावेत, तसंच दर फेरीच्या पैशातून थोडी रक्कम त्या घोड्याच्या नावाने निवृत्तीसाठी बाजूला पडायला हवी. शर्यतीचे मालक आणि रपेटीचे क्लबही याला अपवाद नसावेत. आणि निवृत्त घोडा दत्तक घेणाऱ्यांना एवढंच सांगेन: पहिले काही आठवडे पाठीवर बसूच नका. रोज खरारा करा, मानेच्या बुडाशी बोटं फिरवा, छातीवर हात ठेवून ठोके मोजा आणि वहीत लिहून ठेवा. आकडे खाली यायला लागले की मग खोगिराचं बघू.