पहिलीच्या बाईंना प्रशिक्षण कशाला?

इंदूरच्या मराठी घरांत एक समज पक्का आहे: पहिली-दुसरीला शिकवायला काय लागतं? बाराखडी घोटून घेतली की मूल आपोआप वाचतं. बाईंची प्रशिक्षणं म्हणजे चहा-पोह्यांची रजा.

तसं नाही. बोलणं कानावर पडून येतं, वाचन शिकवावं लागतं. ‘कि’मधली वेलांटी दिसते आधी, उच्चार होतो नंतर, पुष्कळ मुलं इथेच अडखळतात. त्यात घरी मराठी, शाळेत हिंदी. हिंदी पुस्तकातलं ‘ज्ञान’ आपली मुलगी ‘द्न्यान’ वाचते, वर्गाला हवं असतं ‘ग्यान’. तिला अक्षर नीट ओळखता आलंय, उच्चार तेवढा घरचा आहे. हा फरक बाईंना कळला नाही, तर ‘हिला वाचता येत नाही’ असा शेरा ठरलेला!

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सुचवलं आहे. तक्रार अगदीच खोटी नाही, म्हणा. सभागृहात दिवसभर स्लाइड पाहून फारसं हाती लागत नाही. नंतर कुणी वर्गात बसून वाचनाचा तास पाहिला, बाईंशी बोललं, तर फरक पडतो. मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांत हे काम जनशिक्षकांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांना भेटी देऊन शिक्षकांना मदत करणाऱ्यांकडे असतं.